अँटेना विखुरलेले की निर्णय विखुरलेला?

मायमो (MIMO), म्हणजे अनेक अँटेना एकत्र वापरून वायरलेस सिग्नल पाठवणं-घेणं, तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. बीमफॉर्मिंग सिग्नलची दिशा ठरवतं, पॉवर अलोकेशन कुणाला किती पॉवर द्यायची ते प्रमाण, एवढं पुरे. खरी गल्लत पुढेच होते. मुंबईत फायनल इयरची प्रोजेक्ट प्रेझेंटेशन्स बघायला बसलं की एक स्लाइड हमखास येते: नकाशाभर पसरलेले अँटेना आणि वर मथळा 'डिस्ट्रिब्युटेड पॉवर अलोकेशन', म्हणजे पॉवरचा निर्णय विखुरलेला. कोड उघडायला सांगावं, तर आत सगळ्या चॅनेलचं (ट्रान्समीटर ते रिसीव्हर या वाटांचं) एकच मॅट्रिक्स आणि गणित सोडवणारा एकच सॉल्व्हर. अहो, हे सेंट्रलाइज्डच झालं, निर्णय एकाच जागी!

बीकेसीतल्या ऑफिसच्या टॉवरमध्ये छताला पांढऱ्या घुमटीसारखे अँटेना लटकलेले असतात. तळघरातल्या बेस स्टेशनची केबल शाफ्टमधून वर येते, वाटेत स्प्लिटर लागतात. दोन समान फाट्यांचा स्प्लिटर आला की प्रत्येक फाट्यावर ३ डीबी कमी, म्हणजे निम्मी पॉवर. कुठल्या घुमटीला किती, हे वायरिंग करतानाच ठरलं. घुमटीला त्यात काडीचाही अधिकार नाही. अँटेना विखुरलेले, निर्णय एकाच ठिकाणी.

याउलट गच्चीवरच्या एकाच पॅनेलमध्ये ६४ अँटेना खेटून बसलेले असले, तरी निर्णय विखुरलेला असू शकतो. बघायचं एवढंच, की पॉवर ठरवणाऱ्याच्या हातात त्या क्षणी कुठली माहिती आहे.

१९९३ मधला फॉशिनी-मिल्यानिच या संशोधकांचा पॉवर ठरवण्याचा नियम घ्या. प्रत्येक लिंक (ट्रान्समीटर-रिसीव्हरची जोडी) फक्त स्वतःचा एसआयएनआर मोजते, म्हणजे इंटरफिअरन्स (इतरांच्या सिग्नलचा अडथळा) आणि नॉइज यांच्या किती पट आपला सिग्नल आहे ते. हवाय १०, मिळतोय ५? पॉवर दुप्पट करा. मिळतोय २०? निम्मी करा. शेजाऱ्याचा चॅनेल माहीत नाही, त्याची पॉवरही नाही. सगळ्यांची लक्ष्यं एकत्र शक्य असतील तर सगळे कमीत कमी पॉवरवर स्थिरावतात. नसतील तर पॉवर चढत चढत कमाल मर्यादेला टेकते. नेहमीच्या फोरजी फोनची ती २३ डीबीएम, म्हणजे साधारण २०० मिलीवॉट.

अनेक अँटेना आले की प्रत्येक लिंकला स्वतःच्या चांगल्या दिशांमध्येही पॉवर वाटायची असते. मग आवडता उपाय म्हणजे इटरेटिव्ह वॉटर-फिलिंग: बाकीच्यांचा इंटरफिअरन्स नॉइज समजा, चांगल्या दिशांना जास्त पॉवर असं आपलं वाटप करा, पुन्हा मोजा. हा विखुरलेला आहे खरा, पण आपमतलबी. स्थिरावला तर नॅश समतोलावर, म्हणजे जिथे एकट्याने बदल करून कुणाचाच फायदा होत नाही, आणि तिथे नेटवर्कचा एकूण रेट सर्वाधिक असेलच असं नाही. दादरच्या दाटीत समोरासमोरच्या गच्च्यांवर मोबाइल साइट असतील, तर इंटरफिअरन्स इतका तगडा की तो स्थिरावण्याचीही हमी नाही.

म्हणून मला प्राइसिंगची पद्धत पसंत आहे. तुमची पॉवर थोडी वाढली तर माझं किती नुकसान होतं, हा आकडा प्रत्येक रिसीव्हर शेजाऱ्यांना कळवतो आणि ट्रान्समीटर तो हिशेबात धरतो. 'मेसेज गेला म्हणजे डिस्ट्रिब्युटेड राहिलं नाही' असं यावर कुणीतरी म्हणतंच. राहिलं की! शेजाऱ्याला एक आकडा कळवणं वेगळं आणि सगळी मॅट्रिक्स एका सर्व्हरवर नेऊन ओतणं वेगळं.