कोपियापोआ कॅक्टसवर ही वेळ कशी आली

२०२४ ला आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या रेड लिस्टचं, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या यादीचं, अपडेट आलं त्यात कोपियापोआच्या ८२ टक्के जाती धोक्यात असल्याचं म्हटलंय, २०१३ ला हाच आकडा ५५ टक्के होता. अकरा वर्षांत एवढी घसरण, पण गोष्ट बरीच जुनी आहे.

हा कॅक्टस फक्त चिलीचा, अटाकामा वाळवंटाच्या किनारपट्टीचा. तिथे पाऊस जवळपास नाहीच, समुद्रावरून येणारं धुकं, ज्याला तिथले लोक कामांचाका म्हणतात, त्याच्यावरच सगळं चालतं. त्यामुळे वाढ इतकी हळू की मोठ्या गुच्छाचं वय शेकडो वर्षं असू शकतं. १९२२ ला नॅथॅनियल ब्रिटन आणि जोसेफ रोझ या वनस्पतिशास्त्रज्ञांनी ही वेगळी प्रजाती, म्हणजे जातींचा वेगळा गट, म्हणून मांडली, मग १९५० च्या दशकात फ्रिडरिक रिटरसारखे शोधक चिलीभर फिरले, त्यांनी गोळा केलेलं बी त्यांची बहीण जर्मनीतून विकायची, आणि युरोपातल्या हौशी लोकांना याचं वेडच लागलं.

बी विकलं जात होतं तोवर फारसं बिघडलं नव्हतं असं मला वाटतं. खरी गोची अशी की उन्हात, वाऱ्यात, धुक्यात वाढलेल्या झाडावर जी पांढरी मेणासारखी साय येते, काही जातींत तर अख्खं झाड राखाडी दिसतं, ती ग्रीनहाऊसमध्ये तशी येत नाही, तिथलं रोप बहुतेक हिरवंच राहतं. मग ज्याला म्हातारं, रापलेलं झाड हवंय तो डोंगरावरूनच उपटून मागवतो.

कायदा नव्हता असं नाही हां, १९७५ पासून जवळपास अख्खं कॅक्टस कुळ साइटीस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, म्हणजे परवान्याशिवाय दुसऱ्या देशात नेता येत नाही. तरी २०२० ला इटलीत सेनिगालियाला पोलिसांनी धाड टाकली तेव्हा हजाराच्या वर झाडं सापडली, बरीचशी कोपियापोआ. त्यातली ८४४ पुढच्या वर्षी चिलीला परत गेली, पण परत गेली म्हणजे लगेच मातीत लावली असं होत नाही, रोग आलाय का ते बघायला आधी वेगळी ठेवावी लागतात आणि कुठलं झाड कुठल्या टेकडीवरचं हे चोर थोडीच लिहून ठेवतो!

त्यात आता सोशल मीडियावर फोटो टाकून युरोप-आशियातल्या गिऱ्हाइकांना थेट विक्री चालते. शिवाय किनाऱ्याला नवे रस्ते, घरं आणि बदलतं हवामान आहेच, पण रस्ता निदान दिसतो तरी, रात्रीत उपटलेलं झाड गेलंय हे कळायलाच कितीतरी दिवस जातात.