टपाली डावांतून आलेली बुद्धिबळाची कोडी : पार्श्वभूमी

बुद्धिबळाची काही कोडी मुद्दाम रचलेली असतात, तर काही प्रत्यक्ष खेळल्या गेलेल्या डावांतून उचललेली. समोरासमोरच्या डावांतली कोडी बहुधा घड्याळाच्या धाकाने झालेल्या एखाद्या चुकीवर उभी असतात. टपालाने खेळलेल्या डावांत एकेका खेळीवर दिवसच्या दिवस विचार होतो, मोहरी हलवून पाहता येतात आणि ग्रंथ चाळायलाही आडकाठी नसते. त्यामुळे तिथली कोडी सहसा ठळक चुकीतून जन्मत नाहीत. चार सारख्याच चांगल्या दिसणाऱ्या खेळ्यांतून खरी कोणती, हा त्यांचा प्रश्न असतो.

या प्रकाराला खरी प्रतिष्ठा मिळाली ती १८२४ ते १८२८ या काळात चाललेल्या एडिंबरा आणि लंडन यांच्या सामन्यामुळे. तो एडिंबराने जिंकला आणि त्यात गाजलेल्या सुरुवातीला (म्हणजे डावाच्या पहिल्या ठरावीक खेळ्यांना) ‘स्कॉच’ हे नाव कायमचे चिकटले. लंडनच्या बाजूचे जॉन कॉक्रेन सामना चालू असतानाच हिंदुस्थानात निघून आले. त्याच सुमारास आपल्याकडे मद्रास आणि हैदराबाद यांच्यातही असा सामना झाला व त्याचे दोन डाव १८२९ साली मद्रासेत छापले गेले. टपाल स्वस्त झाल्यावर हा छंद घरोघरी पोहोचला. हिंदुस्थानात १८७९ पासून पाव आण्याचे कार्ड मिळू लागले. भाषेची अडचण पुढे आकड्यांनी सोडवली. कार्डावर ‘५२५४’ एवढेच लिहिले, की पाचव्या स्तंभातले प्यादे दुसऱ्या ओळीतून चौथ्या ओळीत गेले, हे कोणत्याही देशातल्या खेळाडूला कळते. एस्टोनियातल्या पार्नूसारख्या लहान गावात वाढलेल्या ग्रँडमास्टर पॉल केरेस यांनी तर तरुणपणी एकाच वेळी दीडशेपर्यंत टपाली डाव चालवले, आणि त्यांच्या विलक्षण तयारीचे मूळ मला तिथेच दिसते.

आज या खेळात संगणकाची मदत घेण्यास आंतरराष्ट्रीय संघटनेची परवानगी आहे आणि वरच्या पातळीवरचे बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. म्हणूनच कोडी निवडणारे संगणकापूर्वीच्या काळाकडे वळतात, आणि ते योग्यच आहे, कारण तिथे सापडलेले उत्तर माणसाने कित्येक रात्री पटापुढे बसून शोधलेले असते.

पाचव्या जागतिक टपाली स्पर्धेतला (१९६५–६८) याकोव्ह एस्ट्रिन आणि हान्स बर्लिनर यांचा डाव याचा उत्तम नमुना आहे. ‘दोन घोड्यांचा बचाव’ या सुरुवातीत एस्ट्रिन स्वतः जाणकार होते. तरी काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या बर्लिनर यांनी त्यांना त्याच वाटेवर गाठले. एकतिसाव्या खेळीला पटावर (अक्षर स्तंभाचे, ए ते एच, आणि आकडा ओळीचा) पांढऱ्याचा राजा जी२ वर, हत्ती एफ१ वर आणि प्यादी ए२, बी२, डी३ वर आहेत. काळ्याचा राजा डी६ वर, हत्ती एच८ वर आणि प्यादी ए७, बी६, एफ७, एच५ वर आहेत. खेळी काळ्याची आहे आणि एफ७ चे प्यादे मारात आहे. ते वाचवण्याकडेच कोणाचाही हात जाईल.

बर्लिनर यांनी ते सोडून दिले आणि हत्ती सी८ वर नेला. पांढऱ्याने एफ७ मारताच त्यांनी हत्ती सी७ वर आणून मारामारी, म्हणजे हत्तीला हत्ती अशी अदलाबदल, देऊ केली. ती स्वीकारली तर पांढरा राजा एच-प्यादे मारायला लांब जातो आणि तेवढ्यात काळा राजा डी३ चे प्यादे मारून पांढऱ्याच्या उरलेल्या दोन प्याद्यांवर तुटून पडतो. एस्ट्रिन यांनी मारामारी टाळून हत्ती एफ२ वर मागे घेतला, तरी काळा राजा ई५ आणि डी४ वरून पुढे आलाच व सदतिसाव्या खेळीपूर्वी सी२ वर जाऊन बसला. काळ्याच्या बेचाळिसाव्या खेळीनंतर एस्ट्रिन यांनी डाव सोडला.