पॉवर कॉर्ड, महागडी (वाद्यांच्या ॲम्प्लिफायरसाठी)

भिंतीवरच्या सॉकेटमधून गिटार, बेस किंवा कीबोर्डच्या ॲम्प्लिफायरला वीज पोचवणारी सुटी केबल म्हणजे पॉवर कॉर्ड. बडोद्यात दुकानदार ती ‘कॉम्प्युटरची केबल’ म्हणून शे-दोनशे रुपयांत काढून देतो, आणि त्यात काही चूक नाही. संगणकाच्या डब्याला व बहुतेक ॲम्पना एकच कॉर्ड चालते. हीच वस्तू वेणीदार आवरण, मुलामा दिलेल्या पिना आणि मखमली खोका अशा थाटात काही हजारांना, कधी लाखालाही विकली जाते. तिने नाद ‘मोकळा’ होतो, खर्ज ‘घट्ट’ होतो, असे विकणारे सांगतात. साधी पण योग्य जाडीची, अर्थिंग शाबूत असलेली कॉर्ड आणि ही महागडी कॉर्ड यांच्या आवाजात कानाला कळेल असा फरक नसतो. निकृष्ट कॉर्डने मात्र फरक पडतो, आणि तिथे आवाजाआधी जिवाचा प्रश्न येतो.

रचना

कॉर्डमध्ये तीन तारा असतात: फेज, न्यूट्रल आणि अर्थ. नव्या पद्धतीत त्यांचे रंग तपकिरी, निळा व हिरवा-पिवळा. जुन्या भारतीय पद्धतीत लाल, काळा व हिरवा. ॲम्पच्या पाठीमागच्या खाचेला सी-१४ आणि तिच्यात बसणाऱ्या टोकाला सी-१३ म्हणतात. या जोडीची आंतरराष्ट्रीय मर्यादा १० अँपियर आहे. मोठ्या पॉवर ॲम्प्लिफायरना १६ अँपियरची सी-१९ लागते. भिंतीकडचा प्लग आयएस १२९३ या मानकाचा आणि तारा आयएस ६९४ च्या असाव्यात, अशी अपेक्षा असते. थ्री-पिनमधली अर्थची पिन जाड आणि लांब ठेवलेली असते, ती प्लग खोचताना अर्थ सर्वांत आधी जोडला जावा म्हणून.

बडोद्याच्या वाचकाला हे मानकांचे प्रकरण परके वाटू नये. शहराच्या आसपास केबल आणि ट्रान्सफॉर्मरचे कारखाने आहेत, आणि मकरपुऱ्यात १९७४ साली स्थापन झालेल्या ‘एर्डा’ या संस्थेत विजेच्या उपकरणांच्या चाचण्या होतात. तार चांगली की वाईट हे इथे मोजून ठरते. अंगावर काटा आला का, हा त्या परीक्षेतला प्रश्न नव्हे.

दाव्यांची तपासणी

१ चौरस मिलिमीटर जाडीची १.८ मीटर लांब तांब्याची कॉर्ड घेतली, तर जाणारी-येणारी तार मिळून तिचा रोध सुमारे ०.०६ ओहम भरतो. १०० वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा) पूर्ण जोरात असताना साधारण ३०० वॉट वीज ओढतो, म्हणजे २३० व्होल्टवर १.३ अँपियर. कॉर्डमध्ये गळणारे व्होल्टेज झाले ०.०८ व्होल्ट. आवाजाच्या हिशोबात हा एका डेसिबलचा सुमारे तीनशेवा भाग. ॲम्पमधला रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा भाग) सलग वीज ओढत नाही, लाटेच्या शिखरावर झटके देत ओढतो, हा आक्षेप बरोबर आहे. पण तो झटका चार-पाच पट धरला तरी गळती अर्धा व्होल्टही होत नाही. कॉर्ड अडीच पट जाड केली तर वाचणारा भाग याहूनही लहान. शिवाय आत ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि फिल्टर कपॅसिटर यांची रांग बसलेली असते. प्रत्यक्ष ध्वनी त्या कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेतून घडतो.

व्होल्टेजचा नादाशी संबंधच नाही, असा याचा अर्थ नव्हे. व्हॉल्व्ह तापता ठेवणाऱ्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात. मुख्य वीज दहा टक्के घसरली की तेही ५.७ वर येतात, प्लेटचे व्होल्टेज पडते, आवाज मऊ होतो आणि लवकर फाटतो. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनने आपल्या मार्शल ॲम्पला व्हेरिअ‍ॅकमधून (व्होल्टेज हवे तसे कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून) मुद्दाम कमी व्होल्टेज देऊन याचाच उपयोग केला होता. मात्र तिथे कमी केलेला आकडा वीस-तीस व्होल्टच्या घरातला असतो. शतांश व्होल्टच्या फरकाला तोच न्याय लावणे म्हणजे राईचा पर्वत करणे होय.

काही कॉर्डवर ‘प्रवाहाची दिशा’ दाखवणारा बाण छापलेला असतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलणारी. बाणाने नेमके कुणाला काय सांगायचे असते हे त्या छापणाऱ्यालाच ठाऊक. जाळीदार कवचाचा दावा एवढा पोकळ नाही. गर्दीच्या रॅकमध्ये कॉर्ड मायक्रोफोनच्या तारांना चिकटून जात असेल, तर कवचामुळे विद्युत क्षेत्राचा उपद्रव कमी होतो. चुंबकीय क्षेत्राला मात्र तांब्याची जाळी अडवत नाही. त्यावर तारांना पीळ देणे आणि सिग्नलची तार दूर नेणे हा उपाय, आणि तो फुकट आहे. फेराइटचा मणी रेडिओ लहरींच्या पट्ट्यात काम करतो, ५० हर्ट्झच्या गुणगुणीला तो जुमानत नाही.

मग इतक्या वादकांना फरक ऐकू येतो तो कसा? कॉर्ड बदलायला ॲम्प बंद करावा लागतो, व्हॉल्व्ह पुन्हा तापायला वेळ जातो, तोवर आधीच्या नादाची बारीक आठवण उडालेली असते; आणि तोच तुकडा दुसऱ्यांदा तंतोतंत तसा वाजवणारा वादक जन्मायचा आहे. प्रामाणिक तुलना करायची तर एकच ध्वनिमुद्रित तुकडा लूपरमधून (तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणाऱ्या यंत्रातून) ॲम्पला द्यावा, आवाजाची पातळी मोजून जुळवावी आणि कोणती कॉर्ड लावली आहे हे ऐकणाऱ्याला कळू देऊ नये. अशा आंधळ्या तुलनेची एबीएक्स पद्धत बेल लॅबोरेटरीजच्या मन्सन आणि गार्डनर यांनी १९५० साली मांडली. दहापैकी आठ वेळा बरोबर ओळखले तरी हुरळून जाऊ नये: नुसत्या अंदाजाने आठ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता साडेपाच टक्के असते. नऊला ती एक टक्क्यावर येते.

हम कुठून येतो

महागडी कॉर्ड बहुतेक वेळा विकत घेतली जाते ती हमवर, म्हणजे ॲम्पमधून सतत येणाऱ्या गुणगुणीवर इलाज म्हणून. इथे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते. हमचे मूळ शोधायला पैसे लागत नाहीत, कान लागतात. ५० हर्ट्झचा सूर बेस गिटारच्या सर्वांत जाड ई तारेवर तिसऱ्या फ्रेटला मिळणाऱ्या जी (४९ हर्ट्झ) सुराच्या किंचित वर बसतो. असा खोल हम येत असेल तर संशय अर्थ-लूपवर (दोन उपकरणांच्या अर्थमधून फिरणाऱ्या प्रवाहावर) किंवा चुंबकीय क्षेत्रावर घ्यावा. त्याच्या एक सप्तक वर, १०० हर्ट्झचा हम आणि गिटारची वायर काढली तरी तो कायम, असे असेल तर आतले फिल्टर कपॅसिटर थकले आहेत. हे काम तंत्रज्ञाचे. व्हॉल्व्ह ॲम्प बंद केल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट टिकून राहतात, म्हणून घरी झाकण उघडू नये.

गिटारवरचा व्हॉल्यूम शून्यावर आणला की हम नाहीसा होतो आणि वादक जागेवर गोल फिरला की कमी-जास्त होतो, असे आढळले तर दोषी पिकअप, म्हणजे तारांची कंपने टिपणारी गिटारवरची चुंबकीय गुंडाळी. सिंगल कॉइल पिकअप जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे, डिमरचे, मोबाइलच्या चार्जरचे सगळे पकडतो. गिब्सन या गिटार कंपनीत सेथ लव्हरने १९५५ मध्ये हमबकर घडवला तो याच त्रासातून: दोन उलट गुंडाळ्या एकमेकींचा हम खोडतात. भिंतीतून येणाऱ्या कॉर्डला या साखळीत जागाच नाही.

ॲम्प एकटा असताना शांत आणि मिक्सरला जोडताच गुरगुरतो, हा अर्थ-लूप. ॲम्प एका सॉकेटवर, मिक्सर दुसऱ्या, दोघांच्या अर्थमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक, आणि तो फरक सिग्नलच्या वायरच्या कवचातून वाहू लागतो. दोन्ही उपकरणे एकाच बोर्डवर घ्यावीत, नाहीतर मध्ये डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) ठेवून त्यावरचा ग्राउंड-लिफ्ट दाबावा. त्याने सिग्नलचा अर्थ तुटतो, सुरक्षेचा अर्थ राहतो.

मंडपात दिला जाणारा सल्ला वेगळाच असतो: “अर्थची पिन काढून टाका, हम जाईल.” हम खरोखर जातो, आणि त्याबरोबर शेवटचे संरक्षणही. ॲम्पच्या आत फेज चुकून चॅसिसला (धातूच्या सांगाड्याला) टेकला, तर तो गिटारच्या तारांवर येतो. वादकाचे ओठ दुसऱ्या अर्थवरच्या मायक्रोफोनला लागले की वर्तुळ पूर्ण. उलट बाजूनेही हे घडते. स्टोन द क्रोज या वृंदाचा गिटारवादक लेस हार्वी ३ मे १९७२ रोजी स्वान्सी इथल्या मंचावर अर्थ नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून दगावला.

बडोद्यातील व्यवहार

बडोद्यात ॲम्प्लिफायरची खरी परीक्षा नवरात्रात होते. नवलखीसारख्या मैदानावर गरब्याचा वृंद तासन्‌तास वाजत असतो: ऑक्टोपॅड, कीबोर्ड, बेस, गिटार. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या गणेशोत्सवातला मराठी वाद्यवृंद याच्या लहान भावंडासारखा, पण वायरिंग तेच आणि बहुधा तसेच घाईत केलेले. मंचापर्यंत वीज येते ती मंडपवाल्याच्या ४० मीटर एक्स्टेंशनवरून. ती तार १ चौरस मिलिमीटरची असली आणि तिच्यावर ५ अँपियर भार पडला, तर वाटेतच सुमारे ७ व्होल्ट गळतात. अर्ध्या जाडीची असली तर १४. मंचावरच्या दीड-दोन मीटर कॉर्डमध्ये गळणाऱ्या ०.०८ व्होल्टशेजारी हा आकडा ठेवला की पैसे कुठे घालायचे ते उघड होते: २.५ चौरस मिलिमीटरच्या एक्स्टेंशनवर. ती गुंडाळीवरून पूर्ण सोडावी. गुंडाळलेली तार भाराखाली तापते.

दिव्यांचा डिमर लाटेचा तुकडा कापतो, त्याची कर्कश झरझर ध्वनीत शिरते. म्हणून साउंड आणि लाइट वेगवेगळ्या फेजवर घ्यावेत, हे इथल्या जुन्या वायरमनना सांगावे लागत नाही. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर न्यूट्रल आणि अर्थ नीट बांधले आहेत का ते आधी पाहावे लागते. पावसाळा सरल्यावर माती सुकते, अर्थिंगचा रोध चढतो. खड्ड्यात पाणी ओतण्याचा रिवाज त्यासाठीच. वितरण बोर्डवर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज अर्थकडे गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवला तर त्या खर्चात जे मिळते ते कुठल्याही सोनेरी पिनेत मिळणार नाही.

या शहराचा आणखी एक खास मामला म्हणजे अमेरिकेहून आलेला ॲम्प. परदेशी स्थायिक झालेला भाचा किंवा काका तो सुटकेसमधून आणतो, आणि तो १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा निघतो. नुसता प्लगचा आकार बदलणारा कन्व्हर्टर लावून थेट २३० वर जोडला तर फ्यूज उडतो, किंवा फ्यूज न उडता ट्रान्सफॉर्मर जळतो. व्होल्टेज २३० वरून १२० वर उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच, आणि ५० हर्ट्झवर ॲम्पचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर थोडा जास्त तापणार हे धरून चालावे. खरी मेख त्या स्टेप-डाउनच्या स्वस्त डब्यात असते. त्याची बाहेर पडणारी खाच अनेकदा दोनच भोकांची असते. अमेरिकन कॉर्डची तिसरी पिन तिथे अडते, मग कुणीतरी पक्कडीने ती तोडतो. यापुढे ॲम्पची कॉर्ड दोनशेची की वीस हजारांची, अर्थ दोघींनाही नाही.

कॉर्ड कधी बदलावी

सी-१३ टोक खाचेत सैल बसत असेल, हलवताच खरखर येत असेल, प्लगचा भाग गरम लागत असेल किंवा आवरणाला चीर गेली असेल तर लगेच. बाजारात तांब्याच्या नावाखाली तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या कॉर्डही मिळतात. हातात त्या संशय यावा इतक्या हलक्या लागतात. काहींच्या प्लगमध्ये अर्थची पिन दिसायला असते, पण तार तिच्यापर्यंत पोचलेलीच नसते. म्हणून नवी कॉर्डही मल्टीमीटरने तपासावी: एक टोक अर्थच्या जाड पिनेवर, दुसरे सी-१३ च्या मधल्या भोकात. मग कॉर्ड ॲम्पला लावून, प्लग भिंतीपासून दूर ठेवून, त्याच पिनेपासून ॲम्पच्या चॅसिसच्या उघड्या स्क्रूपर्यंत. दोन्ही वेळा मल्टीमीटर वाजला आणि रोध एका ओहमच्या बराच खाली आला, तर ती कॉर्ड मंचावर न्यायला हरकत नाही.