'गोकुळ'मधले सत्तांतर: ठराव कुणाच्या खिशात, मल्टिस्टेट कुणासाठी

४ मे २०२१ रोजी कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची, म्हणजे 'गोकुळ'ची मतमोजणी संपली, तेव्हा २१ पैकी १७ जागा विरोधी आघाडीकडे गेल्या होत्या. सत्ताधाऱ्यांकडे उरल्या चार. सुमारे तीन दशके एका नेत्याच्या शब्दावर चाललेला कारभार तिथे थांबला. जिल्ह्यात हा निकाल लोकांना तोंडपाठ आहे. कोण किती मतांनी पडला हेही पारावर बसलेला माणूस सांगेल. पण पुढच्या चार वर्षांत त्याच मंडळाने तीन अध्यक्ष पाहिले. २०२५ मध्ये अध्यक्षपदाचा वाद थेट मुंबईत मंत्रालयापर्यंत गेला. हे का झाले ते कळायला निकालाच्या आकड्यांपेक्षा दोन शब्द जास्त उपयोगाचे आहेत: एक 'ठराव' आणि दुसरा 'मल्टिस्टेट'.

संघ १९६३ चा. गावात प्राथमिक दूध संस्था, जिल्ह्याला संघ हा गुजरातमधल्या आणंदचा, म्हणजे 'अमूल'चा साचा. त्यावर ऑपरेशन फ्लड या देशभर दूध वाढवण्याच्या योजनेच्या काळात मिळालेले पाठबळ, गोकुळ शिरगावची डेअरी आणि मुंबईकरांची म्हशीच्या दुधाची आवड. एवढे धरले की पहिली पंचवीस वर्षे बहुतांशी सांगून होतात. ज्यांनी हा संघ उभा केला त्यांच्याबद्दल जिल्ह्यात आजही आदराने बोलले जाते, आणि प्रत्येक निवडणुकीत दोन्ही बाजू त्यांचाच फोटो लावतात. १९८० च्या दशकाच्या शेवटी सूत्रे ज्यांच्या हाती गेली ते स्वतः अध्यक्ष कधी झाले नाहीत. त्यांची पद्धत वेगळी होती. पॅनेल ते ठरवायचे, अध्यक्ष ते ठरवायचे, आणि अध्यक्षाने राजीनामा कधी द्यायचा हेही तेच ठरवायचे. संचालक मंडळाची बैठक ही त्या निर्णयावर सही करण्याची जागा. अध्यक्षाची निवड 'बिनविरोध' झाली अशी बातमी यायची, ती याच अर्थाने.

याला नुसती दादागिरी म्हणणेही अपुरे आहे. दर दहा दिवसांनी दुधाचे बिल खात्यावर पडत होते, दिवाळीला दूध दराचा फरक मिळत होता, जनावर आजारी पडले तर संघाचा डॉक्टर येत होता. उसाच्या बिलासाठी वर्ष-दीड वर्ष वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला ही शिस्त लहान वाटत नव्हती. घरातल्या बाईच्या हातात पैसा देणारा धंदा म्हणून म्हैस पाळली गेली ती याच भरवशावर. म्हणून विरोधकांनी कितीही आरोप केले, टँकरच्या ठेक्यांवरून कितीही सभा गाजवल्या, तरी २०१५ पर्यंत सत्ता हलली नाही.

आणखी एक कारण होते, आणि ते मतदार यादीत होते. संघाला दूध घालणारे शेतकरी काही लाख. त्यांतला एकही जण संघाच्या निवडणुकीत स्वतः मत देत नाही. मत संस्थेचे असते. गावच्या दूध संस्थेची कार्यकारिणी एका माणसाच्या नावाचा ठराव करते, तो ठराव दुग्ध खात्याकडे दाखल होतो आणि त्या नावाचा माणूस मतदार बनतो. त्याला म्हणायचे 'ठरावधारक'. २०२१ च्या यादीत असे साडेतीन हजारांहून थोडे जास्त लोक होते. दिवसाला पन्नास लिटर घालणारी वाडीवरची संस्था असो की दोन हजार लिटर घालणारी मोठ्या गावची, ठराव एकच.

कागदावर ठराव म्हणजे संस्थेने केलेला निर्णय. कोल्हापूरच्या बोलीत मात्र तो वस्तूसारखा वापरला जातो. ठराव 'आमच्याकडे आहे' किंवा 'तिकडे गेला' असे म्हणतात. 'त्यांच्याकडे साठ ठराव आहेत' असे एखाद्या पुढाऱ्याबद्दल बोलतात, तेव्हा साठ संस्थांच्या सचिव-चेअरमनांवर त्याचा वचक आहे एवढाच त्याचा अर्थ असतो. ठराव होण्याआधी गावात भांडणे, ठराव झाल्यावर खाडाखोडीच्या तक्रारी, एकाच संस्थेचे दोन ठराव, त्यावर सुनावणी असा क्रम असतो. मग मतदानाआधी ठरावधारकांची 'सहल'. ही सहल कुठे गेली, कोण घेऊन गेले आणि परतताना पाकिटात काय होते याच्या कहाण्या निवडणूक संपली तरी संपत नाहीत. मूळ दूध घालणाऱ्याला यातले काहीच विचारले जात नाही. तो डेअरीत बादली घेऊन उभा राहतो, फॅट किती लागली ते बघतो आणि घरी जातो.

ही व्यवस्था कुणी नव्याने आणलेली नाही, जिल्हा संघांमध्ये ती सर्रास आहे. पण साडेतीन हजार माणसे सांभाळली की काही लाख माणसांची संस्था सांभाळता येते, हे गणित कोल्हापूरने जितके चोख सोडवले तितके क्वचितच कुणी सोडवले असेल. म्हणूनच मतदार कोण, हा प्रश्न इथे दुधाच्या दराइतकाच ज्वलंत आहे. मल्टिस्टेटचा वाद पेटला तो तिथेच.

३० सप्टेंबर २०१८ ची सर्वसाधारण सभा. विषयपत्रिकेवर पोटनियम दुरुस्ती होती: संघाचे कार्यक्षेत्र महाराष्ट्राबाहेर वाढवायचे आणि संघाचे रूपांतर बहुराज्य सहकारी संस्थेत करायचे. सभा काही मिनिटांत उरकली. व्यासपीठावरून 'मंजूर, मंजूर', समोरून 'नामंजूर', मध्ये चपला उडत होत्या, आणि राष्ट्रगीत होऊन सभा संपली. पोटनियम बदलायला हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश सभासदांची संमती लागते. ती त्या गोंधळात कुणी कशी मोजली, हा प्रश्न त्या दिवशीही अनुत्तरित होता. सत्ताधारी म्हणाले ठराव मंजूर झाला. विरोधक म्हणाले झालाच नाही. दोघांनीही मोजणी दाखवली नाही, मात्र ती दाखवायची जबाबदारी एकाच बाजूची होती.

मंडळाने दिलेले कारण पोकळ नव्हते. मुंबईत गोकुळचे नाव चालते ते म्हशीच्या दुधावर, आणि जिल्ह्यातले म्हशीचे दूध मागणीला पुरत नाही. चिकोडी, निपाणी, बेळगाव या पट्ट्यात दूध आहे, मराठी बोलणारा शेतकरी आहे, रस्ता आहे. तिथले दूध विकत घेता येते, पण तिथल्या संस्थेला सभासद करून घेता येत नाही, कारण पोटनियमात कार्यक्षेत्र जिल्ह्यापुरते आहे. सभासद नाही म्हणून बांधिलकी नाही. जास्त दर देणारा भेटला की दूध तिकडे. हा युक्तिवाद दुधाच्या धंद्यात कुणालाही पटण्यासारखा आहे. सीमाभागातल्या काही साखर कारखान्यांनी हीच वाट आधी धरली होती.

पण 'मल्टिस्टेट' या एका शब्दाखाली दोन गोष्टी गुंडाळल्या गेल्या होत्या, आणि चर्चा नेहमी पहिलीचीच व्हायची. एक म्हणजे दूध कुठून आणायचे. दुसरी म्हणजे संस्था कोणत्या कायद्याखाली राहायची. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातून बाहेर पडून २००२ च्या बहुराज्य सहकारी संस्था अधिनियमात गेले की निबंधक, म्हणजे संस्थेवर देखरेख ठेवणारा अधिकारी, बदलतो. राज्याच्या दुग्ध खात्याऐवजी दिल्लीतला केंद्रीय निबंधक येतो. तक्रार कोल्हापूर-पुण्याऐवजी दिल्लीला. चौकशी, लेखापरीक्षणाचे आदेश, प्रशासक ही राज्य सरकारच्या हातातली हत्यारे बोथट होतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निवडणूक. ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर महाराष्ट्रात सहकारी संस्थांच्या निवडणुका राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण घेते. त्या काळातल्या बहुराज्य कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे मात्र निवडणूक घेण्याची जबाबदारी सत्तेवर असलेल्या संचालक मंडळाचीच होती. केंद्राने त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण आणले ते २०२३ च्या दुरुस्तीने.

म्हणजे २०१८ मध्ये प्रस्ताव मान्य झाला असता तर नवीन सभासद कोण हे मंडळ ठरवणार, आणि त्या सभासदांसह होणारी निवडणूकही मंडळच घेणार. सीमेपलीकडच्या चार-पाचशे संस्थांना सभासद करून घेतले की साडेतीन हजारांच्या यादीचा तोल जागेवर बदलतो. आधीच्या निवडणुकीत विरोधकांना फार जागा मिळाल्या नव्हत्या, पण पडलेल्यांच्या मतांतले अंतर आटत चालले होते. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की घाई का होती हे समजते. म्हशीच्या दुधासाठी आणलेल्या प्रस्तावाला विरोध झाला तो या दुसऱ्या भागासाठी. मंडळाने दोन्ही वेगळे करून, म्हणजे कायदा तोच ठेवून सीमाभागातल्या उत्पादकांशी दीर्घ मुदतीचे करार असा काही मार्ग मांडला असता, तर चपला उडाल्या नसत्या असे या टिपणाच्या लेखकाला वाटते. तसा मार्ग कुणी मांडला नाही.

पुढच्याच वर्षी प्रस्ताव मागे घेतला गेला. कारण दुधाचे नव्हते. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत कोल्हापुरात विरोधकांची 'आमचं ठरलंय' ही घोषणा गाजली आणि सत्ताधारी गटाच्या घरातला खासदार पडला. गावोगावी मल्टिस्टेटचा राग मतपेटीत उतरला, असे त्यांच्याच गोटातले लोक खासगीत बोलू लागले. सभेत मंजूर झाल्याचे सांगितलेला निर्णय मागे घेणे, म्हणजे तो लोकांना मान्य नव्हता हे कबूल करणेच झाले. विरोधकांनी घोषणेला जोड दिली: 'आमचं ठरलंय, आता गोकुळ उरलंय.'

संचालक मंडळाची मुदत २०२० मध्ये संपली, ठरावही गोळा झाले होते, आणि करोना आला. निवडणूक वर्षभर रेंगाळली. रुग्णसंख्या शिगेला असताना ती आणखी पुढे ढकलावी म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने स्थगिती दिली नाही. २ मे २०२१ रोजी मतदान झाले आणि जवळजवळ प्रत्येक ठरावधारकाने मत दिले. शेजारी ऑक्सिजनसाठी धावाधाव चालली असताना नव्याण्णव टक्क्यांवर मतदान. दोन्ही पॅनेलच्या नावात राजर्षी शाहू होते: एक 'राजर्षी शाहू आघाडी', दुसरी 'राजर्षी शाहू शेतकरी आघाडी'. बाहेरच्या माणसाने चिठ्ठी वाचून कुणाला मत द्यायचे ते कसे ओळखावे, कोण जाणे. अर्थात बाहेरच्या माणसाला मत नव्हते.

निकालाला 'सत्तांतर' म्हणतात आणि ते खरेही आहे, पण त्यात एक गाठ आहे. निवडणुकीच्या तोंडावर सत्ताधाऱ्यांमधलेच दोन माजी अध्यक्ष विरोधकांकडे गेले होते. त्यांतले एक २०१८ च्या त्या गाजलेल्या सभेचे अध्यक्ष. ज्यांच्या अध्यक्षतेखाली मल्टिस्टेट 'मंजूर' झाले, तेच मल्टिस्टेटच्या विरोधावर निवडून आलेल्या मंडळाचे मे २०२१ मध्ये पहिले अध्यक्ष झाले. त्यांचा स्वतःचा त्या प्रस्तावाला मनातून विरोध होता असे नंतर सांगितले गेले. तसे असेलही. पण ठराव त्यांच्याकडे होते, हे त्याहून ठळक कारण.

नव्या मंडळाने लिटरमागे दोन रुपये वाढवून देण्याचा शब्द दिला होता. जुलै २०२१ मध्ये म्हशीच्या दुधाला दोन आणि गाईच्या दुधाला एक रुपया वाढ झाली. त्याच वेळी ग्राहकांच्या पिशवीचाही दर चढला. पुढे दिवसाला वीस लाख लिटर दुधाचे उद्दिष्ट जाहीर झाले. पराभूत आघाडीच्या चार जणांत महिला राखीव जागेवरून आलेल्या एक संचालिका होत्या. मंडळातला विरोध म्हणजे बहुतेक वेळा त्या एकट्याच. वार्षिक सभेला त्या व्यासपीठावर न बसता सभासदांत बसू लागल्या. राज्यात सरकार बदलल्यावर, त्यांच्या तक्रारीवरून २०२३ मध्ये संघाच्या चाचणी लेखापरीक्षणाचा, म्हणजे हिशेब पुन्हा तपासण्याचा आदेश निघाला. संघ बहुराज्य झाला असता तर असा आदेश राज्याला काढताच आला नसता, याची आठवण तेव्हा दोन्ही बाजूंनी काढली नाही.

अध्यक्षपद वाटून घ्यायचे २०२१ मध्येच ठरले होते. पहिल्या दोन वर्षांनी दुसरे माजी अध्यक्ष आले, तेही जुन्या गटातून आलेले. मे २०२५ मध्ये त्यांनी ठरल्याप्रमाणे राजीनामा द्यायचा होता. त्यांनी तो दिला नाही. राज्यात महायुतीचे सरकार आहे तेव्हा अध्यक्षही महायुतीचाच हवा, अशी वरिष्ठांची सूचना असल्याचे त्यांनी सांगितले. मंडळ निवडून आणणाऱ्या दोन नेत्यांपैकी एक काँग्रेसचा, दुसरा आता महायुतीत मंत्री. काही दिवसांच्या ताणाताणीनंतर राजीनामा आला आणि ३० मे २०२५ रोजी त्या मंत्र्यांचेच चिरंजीव अध्यक्ष झाले. निवड बिनविरोध. ज्या पद्धतीविरुद्ध २०२१ मध्ये मते मागितली होती, ती पद्धत शब्दासह परत आली.

दरम्यान याच दोन गटांची लढाई २०२३ मध्ये राजाराम साखर कारखान्यात झाली. तिथे घोषणा होती 'कंडका पाडायचा', म्हणजे एकदाचा निकाल लावायचा. सभासद पात्र की अपात्र यावरच प्रचाराआधीचा बराच काळ गेला, आणि कारखाना जुन्या गटाने राखला.

गोकुळमध्ये त्यानंतर नवीन दूध संस्थांच्या नोंदणीवरून तक्रारी सुरू झाल्या. दूध कमी आणि ठराव जास्त, अशा संस्था मतांसाठी उभ्या केल्या जात आहेत असा आरोप आता विरोधात गेलेल्या बाजूचा आहे. दूध वाढवायचे तर संस्था वाढणारच, हे उत्तर सत्तेतल्या बाजूचे. २०१८ मध्ये हेच आरोप आणि हेच उत्तर, फक्त बोलणारी तोंडे उलट होती. सप्टेंबर २०२५ च्या वार्षिक सभेत संचालकांची संख्या २१ वरून २५ करण्याचा पोटनियम बदल मांडला गेला. विरोधी संचालिकेने हरकत घेतली. व्यासपीठावरून 'मंजूर' आले.