ढाक्याचा ऑगस्ट आणि आपल्या गाठी
२०२४च्या ऑगस्टची पाच तारीख, पहिला श्रावणी सोमवार. या दिवसांत जळगाव-धुळ्याकडची, कापसातून सरकी वेगळी करणारी जिनिंग थंडच असतात. मशिनी उघडून ठेवलेल्या, आणि शेतात पूर्वहंगामी कपाशीला कैऱ्या, म्हणजे हिरवी बोंडं, धरलेल्या. वजनकाट्याच्या केबिनमध्ये आम्ही तिघे-चौघे एकाच मोबाइलवर वाकून बसलो होतो. ढाक्यात बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीनांच्या निवासात लोक घुसले होते. कुणी खुर्ची डोक्यावर घेऊन निघालेला, कुणाच्या हातात भलामोठा मासा. काट्यावरचे आप्पा एवढंच म्हणाले, "आते कसं व्हई भाऊ?"

आप्पांना काळजी रुईची. बांगलादेशात कापूस नावापुरताच पिकतो, पण निर्यातीतला ८० टक्क्यांहून जास्त पैसा तयार कपड्यांचा. त्यामुळे आपल्या कापसाच्या गाठींचं आणि सुताचं ते मोठं गिऱ्हाईक. पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोलच्या सीमानाक्यावर ट्रक अडले की इथे भाव विचारणारे फोनही थंडावतात.

पण शेख हसीनांना पळावं लागलं, ते कशामुळे? पेपरांत कारण आलं ते आरक्षणाचं. ते खरंच आहे, पण अर्धंच.

१९७१च्या मुक्तिसैनिकांसाठी सरकारी नोकऱ्यांत ३० टक्के जागा राखीव होत्या, पुढे त्या त्यांच्या मुला-नातवंडांनाही मिळू लागल्या. सगळं आरक्षण मिळून ५६ टक्के. २०१८च्या आंदोलनानंतर वरच्या श्रेणींतलं आरक्षण सरकारनेच काढलं होतं. जून २०२४मध्ये हायकोर्टाने ते परत आणलं. पोरं रस्त्यावर आली. १४ जुलैला हसीना बोलून गेल्या, मुक्तिसैनिकांच्या नातवंडांना नाही तर काय रझाकारांच्या नातवंडांना नोकऱ्या द्यायच्या? तिथे रझाकार म्हणजे पाकिस्तानी फौजेला साथ देणारा. पोरांनी ती शिवी त्याच रात्री उचलून घोषणेत घातली.

दोन दिवसांनी रंगपूरला अबू सईद हा विद्यार्थी हात पसरून पोलिसांसमोर उभा राहिला आणि गोळ्या खाऊन पडला. नंदुरबारच्या माणसाला हे चित्र वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ९ सप्टेंबर १९४२ला इंग्रजांच्या पोलिसांसमोर शाळकरी शिरीषकुमार तिथे असाच पडला होता. नंदुरबारचं तेव्हाचं सरकार परकं होतं, रंगपूरचं मात्र घरचं.

२१ जुलैला सुप्रीम कोर्टाने आरक्षण ७ टक्क्यांवर आणलं. मूळ मागणी जवळजवळ मिळाली होती, तरी आंदोलन थांबलं नाही, कारण तोवर माणसं मेली होती, इंटरनेट बंद झालं होतं, आणि ३ ऑगस्टला मागणी एकच उरली: हसीनांचा राजीनामा. ६ ऑगस्टचा ढाका मोर्चा पोरांनी एक दिवस अलीकडे ओढला. जुलै-ऑगस्टमधल्या मृतांचा आकडा १,४०० पर्यंत असू शकतो, असं संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाने पुढे म्हटलं.

माझ्या मते खरी गाठ मागे आहे. १९९०मध्ये लष्करशहा इर्शादला खाली खेचणाऱ्या आंदोलनात हसीना आणि त्यांच्या राजकीय प्रतिस्पर्धी खालिदा झिया दोघीही होत्या. त्याआधी १९८७मध्ये नूर हुसेन नावाच्या तरुणाने अंगावर 'हुकूमशाही नष्ट होवो, लोकशाही मुक्त होवो' असं बंगालीत रंगवून मोर्चात पाऊल टाकलं, तो पोलिसांच्या गोळीने गेला. निवडणूक निःपक्ष काळजीवाहू सरकारने घ्यावी म्हणून १९९६मध्ये रान पेटवणाऱ्याही हसीनाच. ती तरतूद घटनेत आली, आणि २०११मध्ये त्यांच्याच सरकारने ती काढून टाकली. २०१४ला ३०० पैकी १५३ जागा बिनविरोध! २०१८च्या मतदानावर गैरप्रकारांचे आरोप झाले, आणि जानेवारी २०२४च्या निवडणुकीवर प्रमुख विरोधी पक्षाचा बहिष्कार. जानेवारी २००९ पासून एकच बाई खुर्चीवर, मतपेटीतून बदलाचा रस्ता नाही. मग नोकरीचं निमित्त पुरलं.

विरोधकांना गायब करणं, माध्यमांवर धाक, हे सगळं होतंच. पूल झाले, मेट्रो झाली, हेही खरं. आपल्याकडे काही जण तेवढंच मोजतात.

पेट्रापोलचे ट्रक थोड्याच दिवसांत हलले, ८ ऑगस्टला नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ मुहम्मद युनूस यांचं अंतरिम सरकार आलं. हसीना उतरल्या त्या गाझियाबादच्या हिंडन विमानतळावर. १९७५ला वडील, बांगलादेशचे संस्थापक शेख मुजीब, आणि घरची माणसं मारली गेली, तेव्हाही त्यांना आसरा दिल्लीनेच दिला होता, १९८१ पर्यंत. १७ नोव्हेंबर २०२५ला ढाक्याच्या न्यायाधिकरणाने मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी त्यांना गैरहजेरीत फाशीची शिक्षा सुनावली. आपल्याकडे तेव्हा कापूस वेचणीचे दिवस होते, जिनिंगचे पट्टे फिरत होते आणि आप्पा काट्यावर गाड्या मोजत होते.