विभागात जिंकले, पण कोणत्या? सांगलीतल्या कॉलेज फुटबॉलची पार्श्वभूमी

दर मोसमात एक बातमी हमखास येते. सांगलीच्या अमुक कॉलेजचा फुटबॉल संघ ‘विभागीय’ स्पर्धेत विजयी. बातमी खरी असते. विभाग कोणता, हे मात्र तीत नसतं आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

कॉलेजच्या एकाच मैदानावर दोन वेगळे संघ सराव करतात. अकरावी-बारावीची मुलं शालेय स्पर्धांतल्या 19 वर्षांखालील गटात खेळतात. आधी जिल्हा, मग विभाग, मग राज्य. इथं विभाग म्हणजे क्रीडा खात्याचा कोल्हापूर विभाग. (महसुलाला आपण पुण्यात, खेळाला कोल्हापुरात.) त्यातही 1998 ला महानगरपालिका झाल्यापासून सांगली-मिरज-कुपवाडचा संघ वेगळा आणि उरलेल्या जिल्ह्याचा वेगळा. साताऱ्यात महापालिका नाही, म्हणून त्यांचा एकच.

पदवीची मुलं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या स्पर्धांत उतरतात. तिथं सांगली हाच एक विभाग, म्हणजे मुलांच्या तोंडचा ‘झोन’. सातारा दुसरा, कोल्हापूर तिसरा. त्यामुळे ज्युनिअरचा संघ ‘विभागात’ जिंकला असेल तर त्यानं बहुधा कोल्हापूरला पाणी पाजलेलं असतं. सीनिअरचा जिंकला असेल तर त्याची कोल्हापूरशी अजून गाठही पडलेली नसते. शब्द एकच, पण दोन्ही पराक्रमांत जमीन-अस्मानाचा फरक.

याच्या वर तिसरा विभाग आहे, पश्चिम. महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आणि गोव्यातली विद्यापीठं त्यात खेळतात. तिथं कॉलेजचं नावच पुसलं जातं, कारण निवडलेली मुलं विद्यापीठाची जर्सी घालून उतरतात. तरीही कॉलेजच्या फाटकावर ‘आमचा संघ पश्चिम विभागात’ असा फ्लेक्स झळकतो. प्रत्यक्षात गेलेला असतो एखादा गोलकीपर, फार तर जोडीला एखादा बॅक, म्हणजे बचावपटू. कॉलेजच्या संघाचा मोसम आंतरविभागीय स्पर्धेतच, म्हणजे विद्यापीठातले झोन एकमेकांशी भिडतात तिथंच, संपलेला असतो.

आणि तो बहुतेक वेळा कोल्हापूरच्या संघापुढे संपतो. सांगलीच्या विश्रामबागेतलं विलिंग्डन कॉलेज 1919 चं. ते आधी मुंबई विद्यापीठाच्या, मग पुण्याच्या छत्राखाली होतं आणि 1962 पासून कोल्हापूरच्या. कारभार जवळ आला, पण मुलांच्या वाट्याला प्रतिस्पर्धी आला तोही शेजारचाच. कोल्हापुरात पेठेपेठेत तालमींचे संघ आहेत, लीगच्या सामन्याला शाहू स्टेडियम भरतं. असल्या गर्दीसमोर खेळून पाय तयार झालेलं पोरगं समोर आलं की आमच्या बॅकची जी धांदल उडते, तिला सरावाचा अभाव म्हणणं अन्यायाचं आहे. आमच्याकडे फुटबॉलचं वेड आहे ते मिरजेत. सांगली शहराचा जीव क्रिकेटात.

2004 ला सोलापूरचं विद्यापीठ वेगळं झालं आणि शिवाजी विद्यापीठात कोल्हापूर, सांगली, सातारा एवढेच तीन जिल्हे उरले. मग 2021 साली साताऱ्यातली तीन जुनी कॉलेजं एकत्र येऊन त्यांचं समूह विद्यापीठ झालं. झोनमधून ती गेली, म्हणजे साताऱ्याचा झोन हलका झाला. पण ती आता स्वतःच विद्यापीठ असल्यानं पश्चिम विभागाचा रस्ता त्यांना कोल्हापूरला न भिडताच मोकळा झाला. नियमात यात काही वावगं नाही. सांगलीच्या मुलांना मात्र ते डाचतं, आणि डाचावं असंच ते आहे.

मोसमाचं गणित मुळातच तोकडं. जून-जुलै प्रवेशात जातात, ऑगस्टात काळ्या मातीत बूट रुततात, मैदान वाळेपर्यंत सहामाही परीक्षा दारात उभी राहते. 2019 ला पहिल्या वर्षात आलेल्या तुकडीचे तर हालच झाले. त्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, धोक्याची पातळी 45 ची. पुढच्या वर्षी कोरोनामुळे आंतरविद्यापीठ स्पर्धाच झाल्या नाहीत. तिसऱ्या वर्षी जुलैत पुन्हा पूर आला, कॉलेजं उघडली ती 20 ऑक्टोबरला आणि जानेवारीत परत बंद झाली.