पट्ट्यांची गोधडी: कोकणातल्या एका पद्धतीची पार्श्वभूमी

गोधडी काय असते आणि दोरे कसे घालतात, हे कोकणात कुणाला सांगायला नको. गेल्या काही वर्षांत वाद सुरू आहे तो पट्ट्यांच्या गोधडीवर. लांब पट्ट्या मशीनवर एकमेकींना जोडायच्या, तयार झालेलं कापड पुन्हा आडवं कापायचं, तुकडे एकआड एक फिरवून जोडायचे आणि रंगीत चौकडी मिळवायची, अशी ही पद्धत. ती आजीच्या गोधडीचीच सुधारलेली आवृत्ती आहे असं सर्रास सांगितलं जातं. तसं नाही.

जुन्या गोधडीत जोड नसायचाच. खाली लुगडं अंथरायचं, वर ठिगळं मांडायची, त्यांच्या कडा आत दुमडायच्या आणि धावदोरा सगळ्या थरांतून एकदम घालायचा. ठिगळ दुसऱ्या ठिगळाला नव्हे, खालच्या थराला धरून असायचं. पट्टी दिसायची ती फक्त काठाची. नऊवारीचा मधला भाग विरला तरी दाट विणीचा काठ शाबूत राहायचा, म्हणून तो वेगळा फाडून गोधडीच्या चारी बाजूंना फिरवायचा. याहून मागचं सांगताना कुणी सोळाव्या-सतराव्या शतकातल्या, पोर्तुगीजांनी युरोपात नेलेल्या बंगालच्या भरतकामाच्या रजया पुढे करतं. त्या श्रीमंतांच्या घरातल्या वस्तू. विरलेल्या लुगड्यांशी त्यांचा संबंध जोडायला फार ओढाताण करावी लागते.

जोडून आडवं कापण्याची रीत शिलाई मशीनशिवाय परवडतच नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लोरिडातल्या सेमिनोल आदिवासी बायकांनी हातमशीनवर अशा पट्ट्यांचे कपडे शिवले. 1970 च्या दशकात अमेरिकेत घरगुती रजयांसाठी ती पद्धत वेगाने पसरली आणि 1979 मध्ये जपानमध्ये गोल पात्याचा फिरता कटर निघाला, तेव्हा चार-सहा थर एका दमात कापता येऊ लागले. पद्धतीचा हा धागा बाहेरचा आहे. आपल्याकडचा धागा कापडाचा, आणि तोच जास्त महत्त्वाचा.

मुंबईत 1854 पासून गिरण्या उभ्या राहिल्या आणि तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं गिरणगावात गेली. गणपतीला, शिमग्याला गावी येणाऱ्या चाकरमान्याच्या ट्रंकेतून सुती कापड घरी यायचं, पण ते अंगावर विरेपर्यंत वापरलं जायचं. गोधडीपर्यंत पोचायचं तेव्हा त्यात सलग तीन इंची पट्टी निघण्याइतका जीव उरलेला नसायचा. ठिगळांची गोधडी ही सौंदर्यदृष्टीची निवड होतीच, पण आधी ती नाइलाजाची होती, हे अलीकडच्या कौतुकात विसरलं जातं.

जानेवारी 1982 च्या संपानंतर गिरण्यांच्या कापडाचा पुरवठा आटला. 1985 च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला मोकळी वाट दिली आणि घरोघरी पॉलिएस्टरच्या साड्या आल्या. त्या विरत नाहीत, घाम टिपत नाहीत, सुईखाली सरकतात. गोधडीला त्या आतल्या थरालाही नकोशा होतात. त्याच सुमारास दोन नवे साठे तयार झाले. एक ओटीच्या ब्लाउजपिसांचा: ऐंशी सेंटिमीटर ते एक मीटरचे कोरे तुकडे, कुणी शिवत नाही, कुणी टाकत नाही. दुसरा सुती गाउनचा. घरात गाउन वापरणं रुळलं तसे टेलरकडचे छापील कटपीस आणि जुने गाउन ढिगाने मिळू लागले. घट्ट विणीचं, सलग, रंगीत कापड पहिल्यांदाच मुबलक झालं. पट्ट्यांची पद्धत रुजली ती यामुळे. मोबाइलवरच्या व्हिडिओंनी ती फक्त दाखवली.

आता मुख्य भांडण: पट्टी फाडायची की कापायची?

फाडणाऱ्यांचं म्हणणं सरळ आहे. काठाला कात्रीने छोटी खाच द्यायची आणि ओढायचं. कापड आपल्या धाग्यातूनच फाटतं, म्हणून पट्टी उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी, जाऊच शकत नाही. उरेब पट्टी मशीनखाली ताणली जाते आणि जोडकापडाला लाट येते. कापणारे म्हणतात की फाडलेल्या कडेचे धागे ओढले जातात, दोन्ही बाजूंना सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, दशा सुटतात, कड मुरडते आणि माप अचूक राहत नाही. दोन्ही म्हणणी खरी आहेत. मात्र घडी घालून कटर फिरवताना घडी पट्टीशी काटकोनात नसेल, तर उघडल्यावर पट्टीच्या मधोमध कोन पडतो आणि ती पट्टी वायाच जाते. हा दोष कापणारे फारसा बोलून दाखवत नाहीत. सुती कापड फाडावं, इस्त्री करावी आणि कडेच्या दशा माया म्हणून, म्हणजे टिपेबाहेर सोडायच्या कापडात, धराव्यात, हेच घरच्या कामाला बरं. अपवाद दोन. पॉलिएस्टर मिसळलेलं ब्लाउजपीस नीट फाटत नाही, चुरगळतं. आणि छापील चौकडी धाग्याला तिरकी छापलेली असली, तर सरळ फाडलेली पट्टी डोळ्याला तिरकीच दिसते. ही दोन कापावीत.

या भांडणाच्या मुळाशी मायेचा हिशोब आहे. परदेशी पद्धतीत माया पाव इंच, म्हणजे दोन सूत. ती कोऱ्या, कापलेल्या कापडासाठी ठरलेली. फाडलेल्या पट्टीला दोन सुतांत टीप घातली तर तिच्यातली अर्धी माया दशांचीच असते आणि दोन धुण्यांत जोड उसवतो. इथे तीन सूत धरतात. तीन इंच रुंद पट्टी दोन्हीकडून तीन-तीन सूत गेल्यावर सव्वादोन इंच उरते. अशा आठ पट्ट्यांचं जोडकापड पावणेएकोणीस इंच भरतं. पंचेचाळीस इंच लांबीतून टोकं सरळ करून तीन इंची चौदा काप निघतात, आणि ते जोडले की अठरा बाय साडेएकतीस इंचांचा तयार भाग मिळतो. असे सहा भाग, तीन आडवे आणि दोन उभे, म्हणजे चोपन्न बाय त्रेसष्ट. चारी बाजूंना साडेचार इंची काठ लावला की त्रेसष्ट बाय बहात्तर. प्रत्येक टिपेला माया अर्धं सूत जास्त गेली तर जोडामागे एक सूत कापड कमी होतं. सात जोडांत जवळजवळ एक इंच. मग शेजारच्या भागाचे कोपरे जुळत नाहीत.

दोन रंग आलटूनपालटून लावायचे, तर पट्ट्यांची संख्या सम हवी. आठऐवजी सात घेतल्या तर दोन्ही टोकांना एकच रंग येतो आणि काप फिरवून काही बदलत नाही. जोडताना आधी जोड्या, मग जोड्यांच्या जोड्या, आणि प्रत्येक टीप आधीच्या टिपेच्या उलट दिशेने. एकाच टोकाकडून शिवत गेलं की खालचं कापड मशीनचे दात ओढून नेतात आणि आठव्या पट्टीपर्यंत सगळं कमानीसारखं वाकतं. टाके इंचाला बारा तरी हवेत, कारण आडवं कापल्यावर टिपेच्या टोकाला गाठ राहत नाही आणि लांब टाका लगेच सुटतो. सोळा नंबरची सुई मलमलीला मोठी भोकं पाडते, चौदा पुरते.

इस्त्रीने सगळी माया एकाच दिशेला झोपवावी. एकआड एक काप फिरवला की शेजारच्या कापांच्या माया आपोआप विरुद्ध बाजूंना जातात. त्या तशा गेल्या नाहीत आणि चार जोड भेटतात तिथे दोन्ही माया एकीकडेच वळल्या, तर नुसत्या वरच्या कापडाचे नऊ पदर होतात. खाली साड्यांचे चार थर धरले तर तेरा. तिथे धावदोऱ्याची सुई अडते, मोडतेही. विरुद्ध वळल्या तर वरचे पदर पाच ते सातच राहतात, पण तरीही कोपरा टाळून दोरा बोटभर बाजूने न्यावा.

आत काय भरायचं, यावर खरं तर वाद व्हायला नको होता. व्हिडिओंत पॉलिएस्टरचं वॅडिंग, म्हणजे भरावाचा फुगीर थर, दाखवतात. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बाकीचे महिने दमट, तेव्हा वॅडिंगची गोधडी अंगाखाली चिकट होते. जुन्या सुती साड्यांचे तीन-चार थर पुरतात. टाचण्या मात्र रात्रभर लावून ठेवू नयेत. किनाऱ्यालगतच्या घरांत त्या चटकन गंजतात आणि गंजाचा डाग निघत नाही. थर कच्च्या धावदोऱ्यानेच धरावेत. कोऱ्या कापडातली खळही आधी धुऊन काढावी, नाहीतर पावसाळ्यात त्याच जागी बुरशी आणि कसर येते.

विकण्यासाठी गोधड्या करणाऱ्या बचत गटांमुळे अलीकडे आणखी एक फाटा फुटला आहे. वेळ वाचावा म्हणून धावदोऱ्याऐवजी मशीननेच सगळे थर शिवतात. दिसायला ती नेटकी असते. पण मशीनची टीप थरांना हलू देत नाही. वरचं कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं, खालची जुनी साडी आधीच आटलेली असते, आणि सगळीकडे चुण्या पडतात. हातदोऱ्यात थोडी ढील असते, तिथे हा फरक जिरतो. कोरं कापड दोनदा धुऊन मगच फाडलं तर मशीनची गोधडीही बऱ्यापैकी सपाट राहते, पण तेवढी सवड विक्रीच्या कामात क्वचितच काढली जाते.